नव्या संगणकाच्या पोटातलं जुनं वाचनालय

वडवणी,
दि. १४ डिसेंबर २०२५

प्रिय मित्र श्रीयुत बंकटराव यांस,

नमस्कार. तुझा गुडघा वळत असेल, साखर आवाक्यात असेल आणि वर्षाराणीवहिनी तुला अजून घरात ठेवून घेत असतील असं धरून चालतो. आमच्याकडे हरभऱ्याला घाटे धरलेत, थंडी बरी आहे, आणि माझा बसलेला घसा आता सुटला आहे. (मधले पंधरा दिवस गावानं विश्रांती घेतली असं लोक म्हणतात. लोकांना बोलायला काय.) फोन का केला नाही असं तू विचारशील. फोनवर तू "बरं, बरं, बघू" म्हणतोस आणि माझं प्रास्ताविक संपायच्या आत ठेवून देतोस. पत्र मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, पण त्यासाठीही ते आधी हातात घ्यावं लागतं.

आपल्या सार्वजनिक वाचनालयात काय घडलं ते तुला कळलंच पाहिजे, कारण त्या पापाचं बी तू पेरलेलं आहेस. आठवतं का, २००५ साली तू इथल्या कॉलेजात संगणक शिकवत होतास आणि मी वाचनालयाचा नवाकोरा अध्यक्ष होतो. माझ्या विनंतीवरून तू पुस्तकांच्या नोंदीसाठी एक प्रोग्राम लिहिलास. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि नाव ठेवलंस 'ग्रंथसखा'. पुढच्याच वर्षी तू नाशिकला गेलास आणि त्याच महिन्यात सत्यशीलाबाई ग्रंथपाल म्हणून रुजू झाल्या. तेव्हापासून एकोणीस वर्षं त्या बाईनं आलेलं प्रत्येक पुस्तक, गेलेलं प्रत्येक पुस्तक, कोणी नेलं, कोणी पान दुमडलं, हे सगळं तुझ्या त्या काळ्या पडद्यावर दोन बोटांनी टंकलं आहे. चौदा हजार पुस्तकं, बंकट! आपण दोघांनी मिळून आयुष्यात चौदा हजार वेळा दातसुद्धा घासले नसतील.

तर गेल्या महिन्यात आपल्या भागाचे पुढारी विजयसिंह यांनी वाचनालयाला नवा संगणक भेट दिला. त्यात विंडोजची अगदी ताजी आवृत्ती होती, जिला जीवन 'इलेव्हन' म्हणतो. (जीवन म्हणजे बसस्थानकासमोर संगणक-मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला. गुणी माणूस, फक्त विचारल्याशिवाय बोलत नाही. हा गुण की दोष, यावर माझं मत गेल्या महिन्यात बदललं.) समारंभ बाजाराच्या दिवशी ठेवला, म्हणजे गर्दी आपोआप झाली. आता आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. कोणी यायचं म्हटलं तर सत्कार, कोणी जायचं म्हटलं तर सत्कार. नवा संगणक आला म्हणजे जुना निवृत्त झाला, आणि निवृत्ताला शाल-नारळाशिवाय पाठवणं हे आपल्या तालुक्यात बसत नाही. तेव्हा जुना संगणक व्यासपीठावर मधोमध ठेवला, पडद्यावर शाल पांघरली, कळफलकावर नारळ ठेवला, विजयसिंहांच्या हस्ते हार घातला, आणि मी बोलायला उभा राहिलो.

स्वतःच्या भाषणाबद्दल स्वतः सांगू नये, पण ते चांगलं झालं. युरोपातला छापखाना झाला, निजामाच्या काळातल्या आपल्या मराठी शाळा झाल्या, आणि "जो समाज जुन्याला कवटाळतो त्याला नवं जवळ करत नाही" या वाक्यावर तर पाठीमागच्या बैलांच्या दावणीपर्यंत टाळ्या गेल्या. त्या भरात पहिल्या रांगेत मला सटवा दिसला. माळावरच्या वस्तीवरचा मेंढपाळ, वाचनालयाचा नेमाचा सभासद. त्याच्या वस्तीवरच्या शाळेत संगणक नाही हे मला आठवलं, आणि मी गरजलो, की हा संगणक आजच, आत्ता, या क्षणी सटवाच्या वस्तीवरल्या लेकरांना अर्पण! टाळ्या काय पडल्या म्हणून सांगू. त्या टाळ्यांच्या पलीकडे, अगदी शेवटी, दाराशी उभ्या सत्यशीलाबाई दोन्ही हात वर करून मला खुणावत होत्या. मला वाटलं, वेळ संपली असं सांगतायत. आणि वेळ संपली असं कोणी सांगितलं की मी सवयीनं दहा मिनिटं वाढवतो. तेवढ्यात सटवानं संगणक घोंगडीत गुंडाळला, मोटारसायकलीला बांधला आणि आभारप्रदर्शनाच्या आधी तो माळाला लागलासुद्धा. (आभारप्रदर्शनाला आपल्याकडे फक्त आभार मानणारा थांबतो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतःकडच्या प्रतीवरून नव्या संगणकात 'ग्रंथसखा' घातला आणि तो उघडेना. इंग्रजीत एक ओळ आली, हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही, ज्याच्याकडून घेतला त्याला विचारा. बाईंनी ते शब्दशः मानलं आणि तुला फोन केला. तू काय उत्तर दिलंस ते मी सगळ्या गावाला सांगितलं आहे, आता तुलाही सांगतो. तू म्हणालास, "ताई, वीस वर्षांपूर्वीचं आहे ते, टाकून द्या की." बंकट! जन्मदात्यानं असं बोलावं? त्या माउलीनं फक्त "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मी असतो तर तुला फोनमधून ओढून काढला असता.

इथे गोष्ट गमतीची राहिली नाही, म्हणून जरा सावरून लिहितो. नऊ दिवसांनी वाचनालयाची सरकारी तपासणी होती. पुस्तकांची यादी संगणकावर चालू दाखवायची होती. ती दाखवता आली नसती तर आपला अनुदानाचा 'ब' वर्ग जाऊन 'क' वर्ग आला असता, आणि त्या वर्गात ग्रंथपालाची पूर्णवेळ जागा राहत नाही. म्हणजे सत्यशीलाबाईंची नोकरी गेली असती, आणि ती घालवणारा माणूस शाल-नारळ हातात घेऊन टाळ्या घेत होता. हे मला कोणी सांगितलं नाही. बाईंनी तर मुळीच नाही. मी तपासणीचं पत्र वाचलं आणि माझं मला कळलं, आणि त्या दिवशी मी दुपारपर्यंत कोणाशी बोललो नाही. (घरी डॉक्टरांना बोलवायचं का यावर चर्चा झाली.)

संध्याकाळी मी बाईंकडे गेलो आणि हळू आवाजात, जो माझ्याकडे फारसा वापरात नाही, सुचवलं की सटवाकडून तो संगणक गुपचूप परत आणू. बाई म्हणाल्या, "अण्णा, वस्तीवर लेकरांनी त्याला हळदकुंकू लावलंय. परत मागायला तोंड कुणाचं नेता? तुमचं का माझं?" मी म्हणालो, "माझंच नेऊ." तर म्हणतात, "तुमचं तर न्यायचंच न्हाई. शब्द तुमी दिला म्हंजी वाचनालयानं दिला." बंकट, मी चाळीस वर्षं दिलेल्या शब्दावर बोलत आलो. दिलेला शब्द दुसऱ्या कोणी माझ्यासाठी राखलेला मी प्रथमच पाहिला.

मग कार्यकारिणीची बैठक झाली. विषय एकच, संगणकात विंडोजची कोणती आवृत्ती ठेवायची. जीवननं चार नावं मांडली: इलेव्हन, टेन, सेव्हन आणि एक्सपी. उमेदवार म्हटल्यावर मला राहवलं नाही. मी इलेव्हनच्या बाजूनं वीस मिनिटं बोललो, की मागे पाहून चालणारा खड्ड्यात जातो. त्यावर जीवन म्हणाला, "अण्णा, इलेव्हनवर त्यो प्रोग्राम चालतच न्हाई." मग मी तितक्याच निष्ठेनं सेव्हनच्या बाजूनं वीस मिनिटं बोललो, की मुळं तोडून झाड उभं राहत नाही. सभासदांनी दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या. ठराव एकही झाला नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "अण्णा, कशावर चालवायचं ते मागून बघू. आधी सांगा, चालवायचं काय काय हाय?" हे कोणी मोजलंच नव्हतं. मी तर नव्हतंच.

बाईंनी गेल्या वर्षीचं कॅलेंडर उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीनं रेघा मारल्या. वर चार आवृत्त्या. डाव्या बाजूला कामं: ग्रंथसखा, सरकारी संकेतस्थळावर अहवाल भरणं, पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या छापणारा तो खरखर करणारा जुना प्रिंटर, आणि माउस. (माउस कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, असू द्या.) आणि मग तीन दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, जीवननं एकेक आवृत्ती घालायची आणि बाईंनी एकेक काम चालवून बरोबर-चूक खूण करायची. मी शेजारी बसून दोघांना धीर देत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्तमानपत्रं लावायच्या कामाला पाठवलं.

या परीक्षेचा निकाल तुलाही समजावा म्हणून लिहितो, तुला त्यातलं कळतं असं मानून. इलेव्हनवर सरकारी अहवाल झकास, पण ग्रंथसखा बंद. तुझा प्रोग्राम सोळा बिटचा, नवं यंत्र चौसष्टचं, आणि जीवनच्या मते सोळाचं बोलणं चौसष्टला ऐकूच जात नाही. (ही अवस्था मला नातवाशी बोलताना येते, त्यामुळे मुद्दा चटकन पटला.) टेनचं चौसष्टवालं घातलं, तीच रड. टेनचं बत्तीसवालं मिळालं असतं आणि त्यावर कदाचित ग्रंथसखा उठलाही असता, पण ऑक्टोबरात कंपनीनं टेनचा हात सोडला, म्हणजे सुरक्षेची डागडुजी बंद केली. बाई म्हणाल्या, ज्याला त्याच्या घरच्यांनीच सोडलंय त्याला इंटरनेटच्या बाजारात एकटं कसं पाठवायचं? सेव्हन, जे आपल्या जुन्या संगणकात होतं, ते कसंबसं बसलं, आणि बसताक्षणी माउस मेला. कळफलकही मेला. नवं यंत्र आणि जुनी आवृत्ती एकमेकांना ओळखच देईनात. (तेव्हा मला कळलं की माउसला वेगळी ओळ का दिली होती.) एक्सपीचं तर काय सांगू, उंबऱ्याच्या आत यायलाच तयार नव्हतं. कॅलेंडरावरचे चार आवृत्त्यांचे चारही उभे खांब पाहिले तर एकातही वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा नाहीत. मी म्हणालो, संपलं. मी म्हणालो, मी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन उपोषणाला बसतो.

बाई कॅलेंडरकडे बघत राहिल्या. मग त्यांनी इलेव्हनच्या खांबावर एक बोट ठेवलं, सेव्हनच्या खांबावर दुसरं, आणि जीवनला विचारलं, "हे दोन खांब एकाच मशीनवर उभे करता येत्याल का? बाहेर ह्यो आणि आत त्यो?" जीवन म्हणाला, "येतात की बाई. इलेव्हनच्या आत एक लटकं मशीन तयार करायचं. त्याला वाटतंय आपण खरंच मशीन हाव. त्याच्यात सेव्हन टाकायचं. इंटरनेट त्याला द्यायचंच न्हाई, म्हंजी भ्याव न्हाई." मी उडालोच. म्हणालो, "अरे, मग तीन दिवस काहून गप्प बसलास बे?" तर म्हणतो, "कुणी इचारलंच न्हाई अण्णा. बैठकीत सांगणार व्हतो, पण तुमी बोलत व्हता."

यावर मी काही टिप्पणी करत नाही.

पण आत घालायला सेव्हन हवं, आणि तेही बत्तीस बिटचं, कारण सोळाचं बोलणं बत्तीसलाच ऐकू येतं. जीवनकडचं चौसष्टचं होतं. म्हणजे आपल्या जुन्या संगणकाबरोबर २०१० साली आलेली सीडीच हवी होती. पंधरा वर्षांपूर्वीची सीडी आपल्या गावात कुठे शोधणार? पिकावर पाखरं हाकायला ती केव्हाच कुठल्या तरी शेतात टांगली गेली असणार, असं आम्ही म्हणतोय, तोवर बाई कपाटातून दाखल नोंदवही घेऊन आल्या. वाचनालयात जे येईल त्याला क्रमांक, हा त्यांचा नियम. (एकदा एका साहित्यिकाची विसरलेली छत्री आठ दिवस क्रमांक लावून ठेवली होती.) सीडीलाही क्रमांक होता. पुस्तकासारखा शिक्का होता. आणि पुढच्या रकान्यात, मार्च २०१२ मध्ये ती एका सभासदाला दिल्याची नोंद होती. बाईंनी वही माझ्याकडे फिरवली. सही माझी होती.

मी खरं तेच सांगतो. त्या वर्षी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी बोललो होतो, आणि ती सीडी म्हणजे माझ्या भाषणाची चित्रफीत असा माझा समज झाला होता. घरी लावून पाहिली, आवाज आला नाही. मला वाटलं, ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं घोळ केला. पण माझं भाषण, मुकं का असेना, फेकून देण्याची आमच्या घरी पद्धत नाही. त्यामुळे ती माझ्या ट्रंकेत, भाषणांच्या गठ्ठ्यात, फडक्यात बांधलेली जशीच्या तशी निघाली. एक चरा नाही. माझ्या अहंकाराचा समाजाला झालेला हा पहिला उपयोग.

नव्या संगणकाला सीडी घालायचं तोंडच नाही, म्हणून जीवननं बाहेरून जोडायचं खोकं आणलं. मी उभा, कार्यकारिणी उभी. सेव्हन आत बसलं. आता नोंदी कुठून आणणार, असं कोणीतरी विचारलं. नोंदी तर सटवाच्या घोंगडीतून माळावर गेलेल्या. बाईंनी पिशवीतून मेथ्यांचा डबा काढला. डब्यात तीन पेनड्राइव्ह. दर शनिवारी, वाचनालय बंद करताना, सगळ्या नोंदींची नक्कल, तीन ठिकाणी, कोणी सांगितलं नसताना, कितीतरी वर्षं. बंकट, मी तुला विचारतो, क्रांत्या कोण करतं? व्यासपीठावरचा की शनिवारी डबा उघडणारा? मी आजवर शेकड्यांनी थोर माणसांवर बोललो, आणि माझ्याच वाचनालयात, माझ्याच खुर्चीपासून बारा पावलांवर, ही बाई बसलेली होती.

काळा पडदा उघडला. हिरवी अक्षरं आली. तू मराठीच्या वेलांट्यांना दिलेलं ते पोक तसंच होतं. चौदा हजार दोनशे बारा पुस्तकं. बाईंनी पदर डोळ्यांना लावला नाही, टाळी वाजवली नाही, खरखरत्या प्रिंटरवर एक चिठ्ठी छापून पाहिली आणि कॅलेंडरवर शेवटची खूण केली.

तपासणीला आलेले साहेब कडक होते. यादी चालू आहे का पाहायला त्यांनी मुद्दाम आडवं विचारलं, "मेंढ्यांच्या रोगांवर काही आहे?" बाईंनी दोन बोटं चालवली. तीन पुस्तकं आहेत, दोन कपाटात, एक सटवानं नेलंय, गुरुवारी परत येईल. साहेबांनी विचारलं, संगणकात आवृत्ती कोणती? बाई म्हणाल्या, "बाहेर नवी हाय साहेब, आत जुनी. दोघींचं पटतंय." मी पार्श्वभूमी समजावून सांगायला तोंड उघडलं, तोच त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला. कप संपेपर्यंत साहेबांची सही झाली होती. 'ब' वर्ग कायम. बाई कायम.

मी आयुष्यभर नवं की जुनं यावर घसा फोडला. इतकी पुस्तकं वाचली, इतकी पाठ केली. पण पट्टीनं रेघ मारून काय काय चालवायचं आहे हे आधी लिहावं, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी एका उलट्या कॅलेंडरानं शिकवलं. मी हे मनापासून लिहितो आहे आणि यात एकही टाळीचं वाक्य घातलेलं नाही, ते तू पाहशीलच.

वहिनींना माझा नमस्कार पोहोचव, आणि तुझ्या घरात जो कोणी माझं पत्र तुझ्या आधी फोडून वाचतो त्यालाही.

तुझा,
सुंदरराव

ता. क. एक बारीकसं काम आहे. चार जानेवारीला वाचनालयात सत्यशीलाबाईंचा सत्कार ठरला आहे. त्या तयार नव्हत्या. सगळ्यांनी गळ घातल्यावर एका अटीवर 'हो' म्हणाल्या, की अण्णा बोलणार नाहीत. ठरावात तसं लिहून घेतलं, खाली माझी सही आहे. पण अरे, या बाईवर मी बोलायचं नाही तर बोलायचं कोणावर? म्हणून तुला प्रमुख पाहुणा केलं आहे. सोबत चौदा पानं जोडली आहेत. ती तुझी म्हणून वाच. तांबड्या रेघेपाशी आवाज चढव. सातव्या पानावर मी बाईंची सर्वांसमोर क्षमा मागितली आहे, तिथे 'मी' हा शब्द आला की माझ्याकडे हात कर. ते पान गाळू नकोस. बाकीची गाळलीस तरी चालतील, पण शक्यतो गाळू नकोस.

ता. क. दुसरं. पाकीट आणि तिकीट बाईंच्या टेबलात असतं, त्यामुळे हे पत्र त्यांच्या हातून जाणार होतं, आणि त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. क्षमेचं पान त्यांनी काढून घेतलं, घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं. म्हणाल्या, "हे पोचलं." उरलेली तेरा पानं मला परत दिली. तुला निरोप आहे, अगदी त्यांच्याच शब्दांत लिहितो: "बंकटरावांना म्हणावं, जरूर या, भाषण आणू नका. यादी चालू झाली तशी पुस्तकं थकवलेल्यांत पयलं नाव तुमचंच आलं. नाशिकला जाताना नेलेली तीन पुस्तकं घेऊन या." तेव्हा पुस्तकं घेऊन ये. तेरा पानं वेगळ्या पाकिटातून पाठवली आहेत. मधल्या पुस्तकात घालून आण. कोणी फारच आग्रह केला तर हाताशी असलेली बरी.